फ्लॉवर आपला कसा झाला

फुलकोबी, म्हणजे आपला फ्लॉवर, मूळचा विलायती. १८२२ साली त्याचे बी इंग्लंडहून सहारनपूरच्या कंपनी बागेत आले. ही थंड हवेची भाजी; आपल्या उन्हात तिने तग कसा धरावा? उत्तरेकडील माळ्यांनी उष्मा सोसून लवकर गड्डा धरणारी रोपे निवडली व त्यांचेच बी पुढे लावले. भगिनींनो, गड्डा कापला की बी कुठले! म्हणजे उत्तम गड्डा न खाता, न विकता शेतातच राखायचा. अशा राखणीतून पाटणा, बनारस या नावांच्या लवकर येणाऱ्या जाती झाल्या. माळ्यांची नावे मात्र कोणी लिहिली नाहीत. आमच्याकडे श्राद्धाच्या स्वयंपाकात फ्लॉवर परका म्हणून चालत नसे. बटाटा तरी कुठे इथला? तो तर उपासालाही चालतो!