एकाच दिवशी नागपंचमी आणि ऋषिपंचमी



२१ ऑगस्ट २०२३, सोमवार. त्या दिवशी कोकणातल्या बहुतेक हिंदू घरांत नागपंचमी होती. पण टिळक पंचांग पाळणाऱ्या मोजक्या घरांत आदल्याच दिवशी, २० तारखेला, गणपती बसला होता आणि सोमवारी ऋषिपंचमीचा उपास होता. बाकी सगळ्यांचा गणपती आला १९ सप्टेंबरला. जिल्हा एकच, चंद्र एकच, आणि सणात महिन्याचं अंतर. देव रागावल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

ही गंमत म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. "अमुक दिवशी खाल्लं तर पाप लागतं" ही भीती आपल्या बौद्धवाड्यांतल्या किती घरांत अजून बसलेली आहे, हे वाडीवाडीत फिरताना आम्ही पाहतो. म्हणून तो 'अमुक दिवस' ठरतो कसा, ते आधी पाहू.

बारा चांद्रमहिन्यांचं वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी अकरा दिवस मागे पडतात. ते भरून काढायला सुमारे ३३ महिन्यांनी एक जादा महिना घालतात. तोच अधिक महिना, आपल्या बाया म्हणतात तो धोंड्याचा महिना. नियम असा की ज्या चांद्रमहिन्यात सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जात नाही, तो अधिक. आता राशी सुरू कुठून होते? आकाशात रेघ मारलेली नाही. चित्रा ताऱ्यावरून मोजणारे एक टोक धरतात, रेवती ताऱ्यावरून मोजणारे दुसरं, आणि दोघांत सुमारे चार अंशांचा फरक पडतो. म्हणजे संक्रांती चारेक दिवस पुढेमागे. लोकमान्य टिळक रेवतीच्या बाजूचे, आज प्रचलित असलेली बहुतेक पंचांगं चित्रेच्या बाजूची. २०२३ मध्ये चित्रावाल्यांना १८ जुलै ते १६ ऑगस्ट या महिन्यात संक्रांत सापडली नाही, म्हणून त्यांचा अधिक श्रावण झाला. टिळक पंचांगात त्याच महिन्यात संक्रांत पडली, म्हणून तो साधा श्रावण आणि पुढचा थेट भाद्रपद. हा सगळा वाद गणिताचा आहे, आणि गणित करणारी माणसं आहेत. टिळक १८५६ साली याच रत्नागिरीत जन्मले. त्यांच्या राजकारणाबद्दल आपलं मत सर्वांना ठाऊक आहे, पण पंचांग चुकलं असेल तर दुरुस्त करावं, असं म्हणणारा माणूस पंचांग माणसांनीच केलं हेही कबूल करतोच.

तमिळनाडूत तर हे विधानसभेत ठरलं. तिथले महिने सूर्यावर चालतात. वर्ष चित्तिरै महिन्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे १४ एप्रिलच्या सुमारास सुरू होतं. करुणानिधींच्या सरकारने २००८ मध्ये कायदा करून ते थै महिन्याच्या पहिल्या दिवसावर, पोंगलवर नेलं. जयललितांनी २०११ मध्ये तो कायदा रद्द करून पुन्हा चित्तिरैवर आणलं. नवं वर्ष तीन वर्षांत दोनदा हललं, आणि शेतात भात पिकायचं तसंच पिकलं.

मग उपास कुणी लावले? इथेही रत्नागिरीचाच माणूस साक्षीला आहे. चिपळूणजवळच्या परशुराम परिसरात १८८० साली जन्मलेले भारतरत्न पां. वा. काणे. धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या त्यांच्या पाचव्या खंडाचा पहिला भाग व्रतं, उत्सव आणि काळगणना यांवर आहे. काणे काही आपल्या चळवळीचे नव्हते. पण त्यांनी जमवलेला पुरावा वाचला की दिसतं, वेदकाळात 'व्रत' शब्दाचा अर्थ वेगळा होता आणि आज घराघरांत चालणारी व्रतं मुख्यतः पुराणांनी वाढवलेली आहेत. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने व्रतांचा एक अवाढव्य ग्रंथ रचला. यज्ञ वरच्या तीन वर्णांपुरते होते, वेद स्त्रियांना आणि शूद्रांना बंद होते. व्रत मात्र त्यांना खुलं केलं गेलं. दार उघडलं, पण कशासाठी, ते व्रताची कहाणी सांगते.

ऋषिपंचमीचीच घ्या. पाळीच्या काळात बाईच्या हातून कळत नकळत झालेला स्पर्शदोष जावा म्हणून हा उपास. बैलाच्या कष्टाचं धान्य खायचं नाही, परसातल्या भाज्या एकत्र करून ऋषीची भाजी करायची. भाजी चविष्ट असते, त्याबद्दल तक्रार नाही. कहाणी अशी की, एका ब्राह्मणाच्या बायकोने विटाळ पाळला नाही, घरातल्या भांड्यांना हात लावला, म्हणून ती पुढच्या जन्मी कुत्री झाली आणि तिच्या संगतीचा दोष लागून नवरा बैल झाला. मुलाने हे व्रत केलं तेव्हा दोघं सुटली.

आपल्या भाषेत पाळीला काय म्हणतात? विटाळ. आणि आपल्या आज्यापणज्यांना पाणवठ्यावरून हाकलताना कोणता शब्द वापरला? विटाळ. शब्द एकच आहे, कारण नियम एकच आहे. बाईचा विटाळ चार दिवसांचा होता, आपला जन्मभराचा. सैन्यातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिलं आणि हिंदू धर्माधिकाऱ्यांना प्रश्न विचारले, तेव्हा ते दापोलीत राहत होते. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यात, लहानपणीची काही वर्षं दापोलीत. या मातीतून विटाळाविरुद्धची पहिली मोठी हाक उठली. त्याच मातीतल्या आपल्या बहिणीने बुद्धवंदना म्हणून झाल्यावर विटाळाच्या प्रायश्चित्ताचा उपास धरावा, हे आम्हाला खुपतं. ती दोषी आहे म्हणून नाही. तिला ती कहाणी कुणी पूर्ण सांगितलीच नाही म्हणून. शेजारीण करते, मालिकेत दाखवतात, आणि पतसंस्थेने फुकट दिलेल्या दिनदर्शिकेवर त्या तारखेखाली छापलेलं असतं. पंचांग भटजीच्या काखेतून भिंतीवर आलं ते छापील दिनदर्शिकांमुळे. जयंतराव साळगावकरांचं कालनिर्णय १९७३ सालचं. तेव्हापासून एकादशी आणि संकष्टी स्वयंपाकघरात टांगलेली आहे, गॅस कधी लावला आणि दूधवाला कधी आला नाही, या खुणांच्या शेजारी.

सण खुले करून जात मोडते का, याचा प्रयोगही रत्नागिरीत झालेला आहे. सावरकर १९२४ ते १९३७ इथे स्थानबद्ध होते. सर्व जातींचा गणेशोत्सव, सहभोजनं, आणि १९३१ मध्ये भागोजी कीरांनी बांधलेलं पतितपावन मंदिर. कीरांची दानत आम्ही नाकारत नाही. पण नावच पाहा. पतित कोण आणि पावन करणारा कोण, हे दारावरच लिहिलेलं आहे. त्याच काळात महाडला बाबासाहेबांनी वेगळा रस्ता धरला होता. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी घेतलं, आणि त्या परिषदेत सांगितलं की मेलेलं ढोर ओढू नका, शिळंपाकं मागू नका. सणावारी गावातून पोळी मागून आणणं हा तेव्हा महारांचा 'मान' होता. सणाच्या दिवशी बाबासाहेबांनी हक्क मागितला नाही, तो मान टाकायला सांगितला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. १९५६ च्या प्रतिज्ञांत गौरी-गणपतीचं नाव घेऊन नकार आहे, तो या सगळ्याचा शेवटचा टप्पा.

आता आपल्याच तरुणांशी थोडं भांडण. श्रावण लागला की मोबाईलवर संदेश सुरू होतात: गणपती म्हणजे बुद्धच, दिवाळी मूळची आपली, एकादशी आपलीच. यातल्या किती गोष्टींना शिलालेख आहे, ग्रंथ आहे? लेण्यांचं मंदिर झालं, विहारं बळकावली गेली, हे खरं आहे आणि ते पुराव्याने सांगता येतं. म्हणून प्रत्येक सण चोरीचा ठरत नाही. उपोसथ घ्या. विनयपिटकातल्या महावग्गात स्पष्ट आहे की इतर पंथांचे परिव्राजक अष्टमी, चतुर्दशी आणि पौर्णिमा-अमावास्येला जमतात, लोक त्यांच्याकडे जातात, तेव्हा आपल्या संघानेही जमावं, असं बिंबिसार राजाने सुचवलं आणि बुद्धाने ते मान्य केलं. दिवस आधीच होता. बुद्धाने त्या दिवसाचं काम बदललं: शील तपासायचं आणि धम्म ऐकायचा. आपलं वेगळेपण यात आहे. दिवस मुळात कुणाचा, या भांडणात पडलो तर 'मग तो साजरा करायला काय हरकत' इथेच येऊन पोचतो, आणि पुष्कळ जण पोचलेले आहेत.

शिवाय पंचांगाच्या घोळातून आपणही सुटलेलो नाही. त्याच २०२३ मध्ये आपली आषाढ पौर्णिमा ३ जुलैला झाली आणि अश्विन पौर्णिमा २८ ऑक्टोबरला. तीन महिन्यांचा वर्षावास अधिक श्रावणामुळे जवळजवळ चार महिन्यांचा झाला. थायलंडमध्ये तीच आषाढ पौर्णिमा १ ऑगस्टला होती. आपण ज्या पंचांगाला हसतो, त्याच्याच भरवशावर पौर्णिमा मोजतो, हे मान्य केलं पाहिजे. फरक इतकाच की पौर्णिमा चुकली म्हणून कुणी कुत्र्याच्या जन्माला जाईल असं आपल्या कुठल्याही सुत्तात सांगितलेलं नाही. वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचायचा राहिला तर ग्रंथ वाचायचा राहिला, एवढंच.

गेल्या काही वर्षांत आम्ही वर्षावासाच्या वाचनात एक दिवस मुद्दाम ऋषिपंचमीची कहाणी ठेवतो. टीका न करता, जशी आहे तशी वाचतो. गणपतीच्या रजेत मुंबईहून चाकरमानी आलेले असतात, त्यामुळे विहार भरलेला असतो. पहिल्यांदा वाचली तेव्हा मागे बसलेल्या एक आजी एवढंच म्हणाल्या, "मग ती चार दिवस जेवण कोन करी होता तिच्या घरात?" बाया हसल्या. नंतर उपास धरणाऱ्या दोघी-तिघी उठून आमच्याकडे आल्या आणि प्रतिज्ञांचा कागद मागून घेऊन गेल्या. बाकीच्यांनी काय केलं ते आम्ही विचारलं नाही.

धम्मचक्र प्रवर्तन दिन १४ ऑक्टोबरला करायचा की दसऱ्याला, हा प्रश्न मात्र आमच्या बैठकीत दर वर्षी निघतो. बाबासाहेबांनी १९५६ साली अशोक विजयादशमी म्हणून दिवस निवडला, त्या वर्षी ती १४ ऑक्टोबरला होती. नागपूरला दीक्षाभूमीवर दोन्ही दिवशी माणसं जमतात. आमचं मत तारखेच्या बाजूचं आहे, कारण २५ डिसेंबर, २० मार्च, १४ एप्रिल, ६ डिसेंबर यांना कुठलाही तारा लागत नाही. वाडीतली ज्येष्ठ मंडळी दसऱ्याच्या बाजूची आहेत, कारण त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी असते.