वेळनोंद, आपत्कालीन वैद्यकीय
(घड्याळबदल व प्रमाणवेळा)

अपघात, पक्षाघात, विषबाधा, प्रसूती किंवा मृत्यू अशा प्रसंगी टिपलेली वेळ कोणत्या घड्याळाची, हे ठरवण्याची आणि ते नोंदीत टिकवण्याची पद्धत. भारतात एकच प्रमाणवेळ आहे, उन्हाळ्या-हिवाळ्याला काटे पुढे-मागे होत नाहीत. म्हणून हा सारा परदेशातला घोळ, असे आपल्याकडे मानतात. मुंबईपुरते तरी ते खरे नाही.

मुंबईची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असे. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली आणि शहराला ३९ मिनिटांची उडी घ्यावी लागली. गिरणी कामगारांनी विरोध केला, महापालिकेनेही जुनी वेळ सोडली नाही. रेल्वे आणि तारघर एका वेळेने, पालिकेची घड्याळे दुसऱ्या, हा प्रकार स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे चालला. त्यात महायुद्धाची भर पडली. १ सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ च्या मध्यापर्यंत देशभर घड्याळे आणखी एक तास पुढे होती.

मुंबईच्या मोठ्या आपत्तींपैकी एक नेमकी याच काळातली. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत स्फोटके आणि कापसाच्या गासड्या भरलेल्या फोर्ट स्टिकिन जहाजाचा पहिला स्फोट दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी झाला. सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. ही ४.०६ युद्धकालीन सरकारी वेळ धरली, तर ग्रिनिचला सकाळचे ९.३६ होतात आणि जुन्या मुंबई वेळेने दुपारचे २.२७. म्हणजे त्या दिवशीच्या एखाद्या जखमीच्या कागदावर नुसते ‘साडेतीन’ सापडले, तर ती व्यक्ती स्फोटानंतर आणली गेली की आधीच दुसऱ्या कशासाठी दाखल होती, हे घड्याळ कळल्याशिवाय सांगता येणार नाही. गंमत अशी, की या फरकाची सर्वांत काटेकोर नोंद वैद्यकाने नव्हे, ज्योतिष्यांनी ठेवली. जुन्या पत्रिकांवर जन्मवेळेपुढे ‘मुं. टा.’ किंवा ‘स्टँ. टा.’ असते, आणि युद्धकाळातला जन्म असला की जाणकार जोशी आधी एक तास वजा करतो. दोन अक्षरांची ही खूण केस पेपरवर असती तर आज किती सोय झाली असती!

आता प्रमाणवेळ एक आहे, घड्याळे मात्र अनेक. हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीन स्थानकात कुणी गाडीतून पडले, तर स्टेशन मास्तरांच्या मेमोवर एक वेळ पडते, १०८ च्या कॉलवर दुसरी. अपघात विभागाच्या भिंतीवरचे घड्याळ तिसरी सांगते. इसीजीच्या पट्टीवर यंत्र आपली वेळ छापते. ती लावायचे काम कुणाचेच नसल्याने ती दहा-बारा मिनिटे मागे निघणे नवलाचे नाही. एमएलसी (वैद्यक-न्यायिक प्रकरणांच्या) रजिस्टरात २१.४० ला आलेल्या रुग्णाचा इसीजी २१.३१ चा, हे वकिलाच्या नजरेतून सुटत नाही. यावर उपाय साधा आहे: पट्टीवरची छापील वेळ तशीच ठेवावी, शेजारी हाताने खरी वेळ लिहून सही करावी. खाडाखोड करून जुळवलेली वेळ चुकीच्या वेळेपेक्षा जास्त संशय ओढवते. पक्षाघातात तर मिनिटांना उपचाराचेच मोल असते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचे, आणि ते तास रुग्ण शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून मोजायचे.

नातेवाइकांची वेळ हा वेगळाच प्रकार. ‘सोमवारी रात्री दोनला छातीत दुखायला लागलं’ असे घरचे म्हणतात तेव्हा तारीख मंगळवारची असते, कारण आपल्या बोलण्यात उजाडेपर्यंत वार बदलत नाही. अपघात विभागात मुरलेला डॉक्टर म्हणूनच ‘रविवारची रात्र संपून की सोमवारची?’ असे विचारून घेतो. ‘रात्री १२’ असे तर लिहूच नये, ००.०० आणि पुढे तारीख.

घड्याळबदल पाळणाऱ्या देशांत वर्षातून एक तास गायब होतो आणि एक दोनदा येतो. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी १.५९ नंतर पुन्हा १.०० वाजतात. २०१६ साली मॅसॅच्युसेट्समध्ये जुळ्यांपैकी पहिले बाळ १.३९ ला जन्मले. दुसरे ३१ मिनिटांनी, म्हणजे कागदोपत्री १.१० ला. धाकटे थोरले ठरले! त्या एका तासापुरता संगणक बाजूला ठेवून कागदावर लिहिणारी रुग्णालये तिथे आहेत, आणि ते मागासलेपण नव्हे, शहाणपण आहे.

संगणकीय नोंदीत वेळ जागतिक वेळेशी असलेल्या फरकासह साठवावी, जसे +०५:३०. एफएचआयआर या आरोग्यनोंदींच्या मानकात तास-मिनिटे दिली की हा फरक देणे सक्तीचे आहे. नुसते ‘आयएसटी’ पुरत नाही; इस्रायल आणि आयर्लंडही तीच अक्षरे वापरतात. परदेशातल्या मुलाने पाठवलेले रिपोर्ट मुंबईच्या डॉक्टरांपुढे ठेवताना हे लक्षात असू द्यावे. घड्याळे मुळात जुळावीत म्हणून सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संगणक यंत्रणा एनआयसी (राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जोडायला सांगितले. भिंतीवरच्या घड्याळाला अर्थात कोणताच निर्देश लागू होत नाही.

कॉटन ग्रीनच्या पूर्वेला बंदराची हद्द असल्याने एक जास्तीची वेळ येथे संभवते: जहाजाची. समुद्रात कप्तानाच्या हुकमाने घड्याळ तासाने, कधी अर्ध्या तासाने सरकते. रेडिओची नोंदवही मात्र जागतिक वेळेत चालते. भाजलेल्या खलाशाला मॉर्फिन ‘१४.०० ला दिले’ असे चिठ्ठीवर असेल, तर पुढचा डोस ठरवण्याआधी ते १४.०० कुठले, हे जहाजाच्या अधिकाऱ्याला विचारून दोन्ही वेळा शेजारी-शेजारी लिहाव्यात.