नगरची थंडी आणि घरातली शेगडी

नगर शहरातील आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांनी गेल्या पौषात आम्हांस एक अगदी व्यावहारिक प्रश्न विचारला. त्यांच्या मातोश्री नव्वदीच्या घरात. गावचे जुने घर सोडून त्या मुलाकडे सदनिकेत राहावयास आल्या आणि तेव्हापासून प्रत्येक हिवाळ्यात त्यांना थंडी सोसवेनाशी झाली. खोली उबदार राहील अशी एखादी स्वस्त शेगडी घ्यावयाची तर गॅसवर चालणारी घ्यावी, की भुसा दाबून केलेल्या गोळ्यांवर, ज्यांना आता सर्रास पेलेट म्हणतात त्यांवर, चालणारी घ्यावी? प्रश्न इतकाच होता. साहित्याच्या नादी लागलेल्या माणसांना असे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही, त्यामुळे आम्ही तो जरा जास्तच मनावर घेतला.

शोधू लागल्यावर पहिली अडचण भाषेचीच आली. अग्नीच्या स्थानांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. चूल आहे, तिच्या कडेचा वैल आहे, शेगडी आहे, शेकोटी आहे, आगटी आहे, न्हाणीतला बंब आहे, बैराग्याची धुनी आहे. मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) उघडून बसले तर या कुळातील शब्द भेटतच राहतात. परंतु जिच्यावर काही शिजत नाही, जिच्यात पाणी तापत नाही, जी केवळ खोली उबदार राखण्यासाठी घराच्या आत कायम पेटलेली असते, अशा वस्तूला मराठीत घरगुती नाव नाही. शेकोटी अंगणातली आणि घटकाभराची. शेगडी उचलून नेण्याची, म्हणजे कोणत्याच खोलीची नव्हे. इंग्रजी कादंबऱ्यांचे अनुवाद करणाऱ्यांची ‘फायरप्लेस’पाशी जी त्रेधा उडते तिचे मूळ येथे आहे. कोणी ‘शेकोटी’ लिहितो, कोणी ‘अग्निकुंड’, आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे दिवाणखान्यात यज्ञ मांडला जातो.

नगर जिल्ह्यात खोलीत अखंड जळणारा अग्नी मुळीच नव्हता असे मात्र नाही. शिर्डीच्या द्वारकामाईतील धुनी साईबाबांच्या हयातीत (ते १९१८ साली गेले) अहोरात्र जळत असे आणि आजही ती तेवत ठेवलेली आहे. अरणगावाजवळ मेहेराबाद येथे मेहेरबाबांची धुनी दर महिन्याच्या बारा तारखेला पेटवली जाते. शिर्डीत बाबा स्वयंपाक करीत ते हंडी ठेवून, वेगळ्या चुलीवर. धुनीचे काम निराळे होते. म्हणजे जिच्यावर काही शिजवावयाचे नाही अशी आग राखण्याची ऐपत होती ती मशिदीतल्या फकिराजवळ. गृहस्थाला हे परवडणारे नव्हते.

अशा आगीची सर्वांत सुंदर कल्पना ज्याने नगरमध्ये बसून लिहिली तो मनुष्य नगरचा नव्हता, आणि स्वखुशीने येथे आलेलाही नव्हता. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले गेले. नेहरूंनी तेथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले हे सर्वांस ठाऊक असते. मौलाना आझादांचे ‘गुबार-ए-खातिर’ (१९४६) आपल्याकडे त्या मानाने कमी वाचले जाते. नवाब सदर यार जंग हबीबुर रहमान खान शेरवानी यांना उद्देशून लिहिलेली आणि त्या वेळी टपालात न पडलेली ही उर्दू पत्रे आहेत. पहाटे तीन-चारला उठून आपला चहा आपण करणारा हा कैदी त्यांत हिवाळ्यावरील आपल्या प्रेमाविषयी लिहितो. कडाक्याची थंडी, रात्रीची वेळ, आतिशदानात उंच ज्वाळा, आणि त्यांच्यालगत बसून आपण वाचण्यालिहिण्यात गढलेलो, हे त्याचे सुखाचे चित्र. आतिशदान हा शब्द आमच्या शब्दसूचीत बसत नाही. तो ज्या घरांतून येतो त्या घरांत भिंतीतच अग्नीची जागा केलेली असते, आणि तेथे बसून वाचणाऱ्याला लाकूड कोणी आणले हे सांगावे लागत नाही. आझादांच्या गद्यावर आमचा लोभ आहे. तरीही त्याच तटाबाहेर, त्याच पहाटे, नगरची घरे कशाने उबदार होत होती हे विचारल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

उत्तर असे की ती चुलीने उबदार होत होती, आणि तेही चुलीच्या अवगुणामुळे.

साध्या मातीच्या चुलीत जळणाऱ्या लाकडाची जेमतेम दहावा भाग उष्णता भांड्यापर्यंत पोहोचते. उरलेली भिंतीत, जमिनीत, धुरात आणि सभोवतालच्या हवेत जाते. वर्ध्याच्या मगनवाडीतील मगन चुलीपासून ऐंशीच्या दशकात सुरू होऊन २००२ साली संपलेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमापर्यंत सुधारकांनी हा सारा भाग ‘वाया’ या रकान्यात मांडला. भांड्याच्या दृष्टीने ते बरोबरच होते. परंतु पारनेर, पाथर्डी, कर्जत या बाजूंच्या धाब्याच्या घरांत जाड मातीची भिंत आणि वर मातीचेच छत असे. सायंकाळी भाकऱ्या होताना ती भिंत जी उष्णता पिऊन घेई ती मध्यरात्रीपर्यंत परत देत राही. वाया गेलेली उष्णता म्हणजेच घराची ऊब होती. कोणी तिचा हिशेब ठेवीत नसे, कारण तिच्यासाठी वेगळा पैसा पडत नसे. पहाटे बंब पेटे तो न्हाणीपुरता. माणसे दिवसभराचे ऊन अंगावर घेत आणि रात्री गोधडीत शिरत. नगरच्या थंडीलाही एवढ्यात भागवून घेता येण्याजोगी मर्यादा आहे. पारा दहा अंशांखाली उतरतो तो लाटेच्या चार दिवसांत, आणि दुपारी ऊन असतेच. अकोल्याच्या डोंगराळ भागातील गोष्ट जराशी निराळी. तेथे हिवाळ्याच्या रात्री आग विझू न देण्याकडे कल असे, आणि चुलीवर टांगलेल्या बियाण्याच्या कणसांना त्या धुराने कीड लागत नसे.

पैसा पडत नसे याचा अर्थ ती फुकट होती असा मात्र आम्ही घेत नाही. तुराट्या, बाभळीचा काटक्या-कुटक्यांचा भारा, थापून वाळवलेल्या आणि पावसाळ्यापूर्वी रचून ठेवलेल्या गोवऱ्या हे सगळे बायकांच्या हातून घरात येई, आणि चुलीपाशी सर्वांत जास्त ऊब ज्यांच्या वाट्याला येई त्यांच्याच वाट्याला सर्वांत जास्त धूर येई. जुन्या आठवणींच्या लेखनात चुलीच्या उबेचे कढ फार येतात. ते लिहिणारे बहुतेक चुलीसमोर जेवावयास बसलेले असतात. फुंकणी हातात असलेल्या माणसाचे लेखन त्या मानाने थोडे.

केवळ उबेसाठी आत आणलेली आग मराठी घरात एकाच प्रसंगी दिसते. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवीत, तिच्यावर ओवा, वावडिंग, शेपा टाकून धुरी देत, आणि वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या लावून घेत. येथे ऊब हा एक उपचार होता, त्याला मुदत होती, आणि त्यासाठी कोळसा विकत घेणे घरातल्या पुरुषांसही गैर वाटत नसे. बंद खोलीतील निखाऱ्यांपासून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि तो झोपलेल्या माणसाला उठू देत नाही. जुन्या घरांच्या कौलांतल्या व दारांतल्या फटींनी किती बाळंतिणींना वाचवले असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

यानंतरचा इतिहास जळणाच्या आटण्याचा आहे. कोळसा महागला तशी शहरातल्या चाळींत भुश्याची शेगडी आली. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरावयाची, तिच्याभोवती वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा ठासून भरावयाचा, मग बाटली हलकेच उपसून काढावयाची. त्या पोकळीतून आग खालून वर चढे. बाटली उपसताना भुसा ढासळला तर सगळा खटाटोप पुन्हा. आमच्या घरी हे काम मुलांकडे असे आणि आम्ही त्यात वाकबगार होतो, असे नमूद करण्याचा मोह आवरत नाही. कोळशाच्या भुकटीत शेण कालवून केलेले गोळे उन्हात वाळत घातलेलेही पुष्कळांना आठवत असतील. आजचे पेलेट ही यंत्राने दाबून केलेली त्याच घराण्यातली वस्तू आहे.

रॉकेलच्या स्टोव्हने, म्हणजे स्वीडनमध्ये १८९२ साली निघालेल्या प्राइमसने आणि त्याच्या देशी भावंडांनी, आग ओट्यावर आणली आणि तिला पंप व पिन दिली. त्याच स्टोव्हने मराठी वृत्तपत्रांना ‘स्टोव्हचा भडका उडून’ हा शब्दसमूहही दिला. तो नेहमी तरुण सुनांच्याच बाबतीत कसा उडतो हे विचारले जाण्यास वेळ लागला. भारतीय दंडविधानात ४९८-अ हे कलम आले ते १९८३ साली. गॅसची कथा सर्वपरिचित आहे. मुंबईत बर्शेन १९५५ मध्ये आला, खेड्यांतील गरीब घरांसाठी उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. आमच्या विषयापुरते सांगावयाचे तर गॅसच्या शेगडीतील निम्म्याहून अधिक उष्णता थेट भांड्याला मिळते आणि स्वयंपाक होताच ती बंद होते. धूर गेला, फुंकणी गेली, आणि त्यांच्याबरोबर ती बेहिशेबी ऊबही गेली. मातीच्या भिंतींच्या जागी पत्रे आणि सिमेंट आले ते याच सुमारास. आमच्या शिक्षकस्नेह्यांच्या मातोश्रींना म्हातारपणामुळे थंडी अधिक वाजते हे खरे, पण त्यांच्या वाट्याची एक शेगडी हिशेबातून नाहीशी झाली आहे हेही तितकेच खरे.

आता पेलेटकडे वळू. कच्च्या मालाच्या दृष्टीने त्यासाठी नगरसारखा जिल्हा शोधून सापडणार नाही. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस आला, आणि १९५० साली लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखान्याची धुराडी पेटली. उसाचे चिपाड कारखान्याच्या बॉयलरमध्ये जाते. पाचट बहुधा शेतातच पेटवले जाते. त्या पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या पाडण्याची रीत डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या पुण्याच्या संस्थेने बसवली, आणि २००२ साली तिला लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. पाठोपाठ २००६ च्या सुमारास बीपी या तेल कंपनीने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्याने ‘ऊर्जा’ नावाची पेलेटची शेगडी काढली. बॅटरीवर चालणारा छोटा पंखा खालून हवा देई, ज्योत जवळजवळ निर्धूर असे. महाराष्ट्रात बचत गटांतील स्त्रियांनी ती घरोघर जाऊन विकली. २००९ मध्ये बीपी बाहेर पडली, पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीने काम पुढे नेले, आणि एकूण चारेक लाख शेगड्या खपल्या. मग शेतातल्या टाकाऊ मालाला भाव आला, कारण तोच माल कारखान्यांच्या भट्ट्यांना हवा होता, आणि चिपाडापासून वीज करून विकणे फायद्याचे ठरू लागले होते. पेलेट महागले. सरपण गोळा करणाऱ्या बाईने ते विकत घेणे सोडले, कंपनी खानावळी आणि उपाहारगृहांकडे वळली. शेगडी नादुरुस्त नव्हती. तिला लागणारे जळण दुसऱ्या कोणाला अधिक उपयोगी होते, एवढेच घडले.

आणि उसाचे हे जळण ज्यांच्या कोयत्याखालून येते ते गळिताच्या हंगामात, म्हणजे नेमक्या थंडीच्या महिन्यांत, फडाजवळ वा कारखान्याच्या तळावर कोपीत राहतात. कोपी बांबूच्या तट्ट्यांची किंवा पाचटाची. आत आग पेटवणे म्हणजे घरच पेटवणे, म्हणून तीन दगडांची चूल बाहेर, उघड्यावर. पहाटे तीनला तिच्यावर भाकरी भाजून माणसे फडावर निघतात. कोपीत निजलेल्या पोरांपर्यंत त्या चुलीची ऊब पोहोचत नाही. जिल्ह्यातील शेगडीचा इतिहास कोणी सविस्तर लिहील तर त्याने सुरुवात किल्ल्यातून न करता येथून करावी, असे आमचे मत झाले आहे.

शिक्षकस्नेह्यांना आम्ही शेवटी कागदावर आकडे मांडून दिले. दीड किलोवॅटची शेगडी रात्री चार तास चालवावयाची तर सहा युनिट उष्णता लागते. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे एकशे ऐंशी युनिट असतात, म्हणजे महिन्याला एक सिलिंडर केवळ उबेसाठी. शिवाय धुराडे नसलेल्या गॅसच्या शेगडीला खिडकी उघडी ठेवावीच लागते, आणि उघड्या खिडकीतून आपण जे घालवू पाहतो तेच आत येते. पेलेटच्या एका किलोत साडेचार युनिट. शेगडीतून व धुराड्यातून जाणारे वजा करता रात्रीला पावणेदोन किलो धरावेत. हा खर्च गॅसहून कमी पडू शकतो, परंतु घर उबदार करणारी पेलेटची शेगडी धुराड्यावाचून बसवता येत नाही, आणि तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेच्या भिंतीला भोक पाडण्यास सोसायटी परवानगी देईल असे त्यांनाही वाटले नाही. शिवाय चौकशी केली तेव्हा पेलेट विकणाऱ्याने सांगितले की तो टनावर माल देतो, घरापुरता नाही. आमचा सल्ला असा पडला की आईंची खाट दुपारभर ऊन खाणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीलगत हलवावी, अंथरुणात गरम पाण्याची पिशवी द्यावी, आणि लाटेच्या चार रात्री विजेचा हीटर झोपण्यापूर्वी तासभर लावावा. इतके वाचन करून निघालेला हा निष्कर्ष कोणत्याही शेजारणीने चहाबरोबर दिला असता.

त्या दिवशी पेलेटच्या शेगडीचे एक चित्र त्यांनी आईंना दाखवले होते. काचेच्या आड पिवळी ज्योत, समोर रिकामी खुर्ची. आईंनी चष्मा वर करून ते पुष्कळ वेळ पाहिले.

“हिच्यावर भाकरी व्हती का रं?”

होत नाही, ती फक्त खोली गरम करते, असे त्यांनी सांगितले.

“मंग ती काय नुसतीच जळत बसायची?” असे म्हणून आईंनी चित्र परत केले आणि गोधडी मागितली.