फ्लॅशचे खेळ : मुंबईत घडलेला आणि पुसला गेलेला एक अध्याय

१/ १२ जानेवारी २०२१. या दिवसापासून फ्लॅश प्लेअरने कोणताही खेळ चालवण्यास नकार दिला. सुमारे पाव शतक सायबर कॅफेत, शाळेच्या संगणक कक्षात आणि कचेरीतील जेवणाच्या सुट्टीत खेळले गेलेले असंख्य छोटे खेळ एका तारखेस निकामी झाले. त्यांतील काही मुंबईत घडले होते. त्यांचा हा इतिहास. #थ्रेड

२/ फावल्या वेळेच्या खेळांची दखल घेण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राज्यकारभाराबरोबरच त्याने विनोद आणि क्रीडा यांना स्वतंत्र विभाग दिले. फाशांचे आणि कवड्यांचे खेळही त्यात आले. म्हणून नऊशे वर्षांनंतरही ते आपल्याला ठाऊक आहेत.

३/ दुसरे उदाहरण सावंतवाडीच्या गंजिफाचे. दशावतारी संचात दहा अवतारांचे प्रत्येकी १२, असे १२० गोल पत्ते असतात. विसाव्या शतकात ही कला विझू लागली, तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी तिला आश्रय दिला. ते साधले, कारण जुने पत्ते उरले होते आणि ते रंगवण्याची विद्या जाणणारा हातही उरला होता.

४/ ब्राउझरमधील खेळाचे तसे नसते. तो चालण्यासाठी चार गोष्टी एकाच वेळी जिवंत असाव्या लागतात : खेळ साठवणारा सर्व्हर, तो दाखवणारा ब्राउझर, तो चालवणारे पूरक सॉफ्टवेअर आणि या सर्वांना सांभाळणारी संगणकप्रणाली. चारांपैकी एक जरी कोसळली तरी खेळ संपतो. पेटीत ठेवलेला पत्ता शंभर वर्षांनी काढून खेळता येतो. येथे पेटीच नाहीशी होते.

५/ भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. आरंभ महानगरांपासून झाला. धाटाव-रोह्यासारखी ठिकाणे त्या नकाशावर नव्हती. स्वस्त जोडणी घेणाऱ्याला पडद्यावर केवळ अक्षरे दिसत. चित्रे पाहणे हीच चैन होती, मग हलती चित्रे दूरच.

६/ ही अडचण ओळखूनच फ्लॅशचे महत्त्व समजते. १९९६ मध्ये फ्यूचरवेव्ह या छोट्या अमेरिकी कंपनीने चलच्चित्रे बनवण्याचे एक साधन बाजारात आणले. त्याच वर्षाअखेरीस मॅक्रोमीडियाने ती कंपनी विकत घेतली आणि त्या साधनाचे नाव झाले ‘फ्लॅश’. २००५ मध्ये मॅक्रोमीडियाच ॲडोबीच्या ताब्यात गेली.

७/ फ्लॅशची युक्ती अशी : चित्रातील प्रत्येक ठिपका न पाठवता रेषा, वक्र आणि रंग यांचे गणित पाठवायचे, चित्र वाचकाच्या संगणकाने स्वतः रेखाटायचे. त्यामुळे फाईल फार लहान होई. ५६ केबीपीएसच्या मोडेमवर सेकंदाला जास्तीत जास्त ७ किलोबाइट येत. ३५० किलोबाइटचा खेळ आदर्श स्थितीत ५० सेकंदांत उतरे. तासाच्या दराने पैसे मोजणाऱ्याला हा हिशेब परवडणारा होता.

८/ मात्र महाराष्ट्रातील अनेकांचा संगणकावरील पहिला खेळ इंटरनेटवरचा नव्हता. विंडोजबरोबर १९९० मध्ये सॉलिटेअर आणि १९९२ मध्ये माइनस्वीपर आला. माउस धरणे, पत्ता ओढणे, डावी-उजवी कळ दाबणे यांचा सराव त्यांतून नकळत होई. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले. एमएस-सीआयटीची केंद्रे तालुक्या-तालुक्यांत पोहोचली. हाताला माउसची ओळख करून देण्यात या खेळांचाही वाटा होता.

९/ याच काळात मुंबईत या खेळांचा उद्योग उभा राहत होता. १९९९ मध्ये विशाल गोंडल यांनी इंडियागेम्सची स्थापना केली. आलोक केजरीवाल यांच्या कॉन्टेस्ट्स-टू-विनमधून पुढे गेम्स-टू-विन आली. २००६ मध्ये अनिल अंबानी यांच्या रिलायन्स समूहाने ‘झपक’ हे खेळांचे संकेतस्थळ सुरू केले आणि काही शहरांत स्वतःचे गेमिंग कॅफेही उघडले.

१०/ खेळणाऱ्याकडून पैसे घेतले जात नसत. मग खर्च कोण भागवी? उत्तर : जाहिरातदार. खेळ उघडेपर्यंतचा मिनिटभर आणि खेळाभोवतीची जागा ही विक्रीची वस्तू होती. कधी संपूर्ण खेळच एखाद्या उत्पादनाभोवती रचला जाई. वाचकाचा फावला वेळ हेच भांडवल ठरल्याची ही भारतातील आरंभीची उदाहरणे आहेत. आजच्या मोबाईलवरील फुकट खेळांचा हिशेब याच पायावर उभा आहे.

११/ विषयही आपल्या अवतीभोवतीचे असत. गेम्स-टू-विनच्या ‘बॉम्बे टॅक्सी’मध्ये काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या दाटीतून काढून नेमकी उभी करायची असे. क्रिकेटचे खेळ तर उदंड. जगभरचे संग्राहक मोठमोठ्या पाश्चात्त्य खेळांची नोंद ठेवत असताना असे स्थानिक खेळ कोणाला ऐतिहासिक वाटले नाहीत, आणि इतिहासाच्या दृष्टीने तोटा नेमका येथे झाला.

१२/ खेळाची जागाही इतिहासजमा झाली. एप्रिल २०११ मध्ये केंद्राने सायबर कॅफेसाठी नियम लागू केले. ग्राहकाचे ओळखपत्र पाहणे, नोंदवही किमान एक वर्ष जपणे, आडोशाची उंची साडेचार फुटांहून अधिक न ठेवणे, अल्पवयीन मुलांना पालकांविना आडोशात बसू न देणे, अशा अटी आल्या. त्यापुढे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले; स्वस्त डेटा खिशात आल्यावर तासाचे पैसे भरून कॅफेत बसण्याचे कारण उरले नाही.

१३/ फ्लॅशचा शेवट मात्र त्याआधीच ठरला होता. २००७ च्या आयफोनने फ्लॅशला प्रवेश दिला नाही. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहून कारणे मांडली : बॅटरीवरचा भार, सुरक्षेतील त्रुटी, स्पर्शपडद्याशी विसंगती आणि एकाच कंपनीचे नियंत्रण. जुलै २०१७ मध्ये ॲडोबीने निवृत्तीची घोषणा केली आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी पाठबळ थांबवले.

१४/ याच सुमारास एक साधा खेळ उलट दिशेने वाढत होता. २०१४ मध्ये क्रोम ब्राउझरमध्ये धावता डायनोसॉर आला. तो दिसतो इंटरनेट बंद पडल्यावर. २०१८ मध्ये गूगलने सांगितले की तो महिन्याला २७ कोटी वेळा खेळला जातो आणि बहुतेक खेळाडू भारत, ब्राझील, मेक्सिको, इंडोनेशिया यांसारख्या देशांतील आहेत, जिथे मोबाईल डेटा बेभरवशाचा किंवा महाग असतो.

१५/ बेभरवशाचे जाळे म्हणजे काय, हे रायगडला वेगळे सांगावे लागत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. झाडे आणि विजेचे खांब कोसळले, अनेक गावांची वीज आणि मोबाईल सेवा कित्येक दिवस बंद राहिली. अशा वेळी दूरच्या सर्व्हरवरचा प्रत्येक खेळ मुका होतो. हातातील यंत्रात साठवलेला तेवढा, चार्जिंग असेपर्यंत, चालतो. खेळ कोठे राहतो यावर त्याचे आयुष्य ठरते.

१६/ फ्लॅशचे खेळ वाचवण्याचा खटाटोप हौशी मंडळींनी केला. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्लॅशपॉइंट’ प्रकल्पाने एक लाखाहून अधिक खेळ आणि चलच्चित्रे जमवली. नोव्हेंबर २०२० मध्ये इंटरनेट आर्काइव्हने ‘रफल’ या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने जुने खेळ पुन्हा चालते केले. पण कोणीतरी फाईल जपलेली असेल तरच ही युक्ती उपयोगी. संकेतस्थळ बंद होऊन सर्व्हर पुसला गेला असेल, तर तेथे रफलही हतबल.

१७/ पुस्तकांना येथे कायद्याचे संरक्षण आहे. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि अन्य तीन ग्रंथालयांस द्यावी लागते. त्यांत मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे. म्हणून एखादी विस्मृत कादंबरीही शोधता येते. लाखोंच्या दुपारी व्यापणाऱ्या ब्राउझर-खेळाची प्रत कोठे ठेवावी, हे मात्र तो कायदा सांगत नाही. १९५४ मध्ये असे काही असेल याची कल्पनाही कोणाला नव्हती.

१८/ हा प्रश्न केवळ हळहळीचा नाही. २००० ते २०१५ या काळातील महाराष्ट्राचा तरुण संगणकापाशी कसा पोहोचला, कंटाळा कसा घालवी, त्याच्या वेळेची किंमत कोणी आणि कशी ठरवली, हे उद्याच्या इतिहासकाराने विचारले तर त्याच्यासमोर जाहिरातींचे आकडे आणि वृत्तपत्रांतील बातम्या येतील. खुद्द खेळ येणार नाही. नाटकाची परीक्षणे उरावीत आणि संहिता हरवावी, तशी ही स्थिती.

१९/ पुरावा अजून पूर्ण नष्ट झालेला नाही. माळ्यावरच्या जुन्या संगणकाची हार्ड डिस्क, संगणक मासिकांबरोबर मिळालेल्या सीडी, बंद पडलेल्या कॅफेची नोंदवही यांत तो विखुरलेला असू शकतो. ‘एसडब्ल्यूएफ’ या विस्ताराची फाईल आढळली तर ती पुसण्यापूर्वी प्रत काढावी, खेळाचे नाव, निर्माता आणि साधारण वर्ष टिपून ठेवावे. बखरीच्या पोथ्याही एकेकाळी अशाच माळ्यांवरून उतरल्या होत्या.