हलवर्णची छावणी आणि बस्तरचे नऊ तास

मंडळी, आजचा विषय सैनिकाच्या शिक्षणाचा आहे. बंदूक कशी चालवावी ते नव्हे. ज्यांच्या गावात, रानात तो तळ ठोकतो त्या माणसांचे हक्क त्याला कसे शिकवायचे, हा प्रश्न आहे. पोफळीत बसून हे बोलायचे म्हणजे आधी समोरच्या कुंभार्ली घाटाकडे बघावे लागते. आज आपण गाडीने घाट चढून पाटण गाठतो. शिवकाळी मात्र पाऊस तोंडावर आला की घोडदळ वर न्यायचे की खालीच ठेवायचे, हा राज्याचा प्रश्न होऊन बसे.

राज्याभिषेकाच्या अलीकडे, १६७३-७४ च्या सुमारास, शिवाजी महाराजांनी चिपळुणात लष्कराची व्यवस्था लावली आणि पागा हलवर्ण गावी छावणीला पाठवली. हलवर्ण म्हणजे आजचे दळवटणे, असे सांगतात. इथून फार लांब नाही. त्या छावणीला लिहिलेले महाराजांचे पत्र उपलब्ध आहे. आपल्यापैकी अनेकांनी त्यातला भाजीचा उल्लेख भाषणांतून ऐकला असेल. पण सगळे पत्र सावकाश वाचा हो, त्यात निराळीच गंमत आहे.

पत्राची सुरुवात दाणा-वैरणीच्या हिशेबाने होते. पावसाळ्यासाठी साठा करून दिला आहे, तो आत्ताच उधळाल तर ऐन पावसात संपेल, घोडी उपाशी मरतील. मग काय होईल? कोणी कुणब्याकडचे दाणे उचलील, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजीपाला. घर धरून राहिलेले कुणबी गाव सोडून जातील, आणि त्यांना तुम्ही मोगलांपेक्षा वाईट वाटाल. लागेल ते बाजारात विकत घ्या. मग पत्र आगीकडे वळते. चुली, तंबाखू ओढणे, आणि रात्री जळती वात पळवून गवतात नेणारा उंदीर!

आम्ही आयुष्यभर वर्गात कांट शिकवला. कर्तव्य हे कर्तव्य म्हणूनच करावे, परिणामाकडे बघून नव्हे. इथे महाराज सगळे परिणामच सांगताहेत. माणूस भुकेने लुटायला लागतो, हे ओळखून ते भुकेचाच बंदोबस्त करतात. आम्हाला हे शिक्षण वाटते, नुसता हुकूम नव्हे, कारण एकातून दुसरे कसे घडते ते त्यात उलगडून दाखवले आहे.

पण दोन गोष्टी कबूल केल्या पाहिजेत. पत्रात कुणबी आहे. सह्याद्रीतला कातकरी, गवळी धनगर नाही. आणि हा हक्क नव्हे, धन्याने दिलेले अभय आहे. कुणब्याला ते पत्र दाखवून जुमलेदाराला जाब विचारता आला असता का? आम्हाला शंका आहे.

आता एकदम आपल्या काळात येऊ. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये सरकारने आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमून माओवाद्यांविरुद्ध उभे केले. मानधन महिना ३००० रुपये, शिक्षण पाचवी पास असले तर प्राधान्य. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नंदिनी सुंदर खटल्यात ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. त्या निकालात त्यांच्या दोन महिन्यांच्या प्रशिक्षणाचा तपशील आहे. कायद्याला २४ तासिका, मानवी हक्क आणि राज्यघटनेला १२, बस्तरची संस्कृती आणि चालीरीतींना ९. एकेक तासिका तासाभराची. म्हणजे बस्तरच्याच पोरांना बस्तर शिकवायला नऊ तास! न्यायमूर्तींनी विचारले ते सरळ होते: एवढ्या शिदोरीवर हा मुलगा कायद्याच्या बारकाव्यांचा निवाडा करील कसा?

ओळख नव्हती म्हणून घोटाळा झाला, असे इथे म्हणता येत नाही. भाषा त्यांचीच होती, माणसेही त्यांचीच. आपल्या गडचिरोलीत १९९० पासून सी-६० हे पोलीस पथक आहे, त्यातही स्थानिक आदिवासी जवान आहेत, गोंडी-माडिया बोलणारे. भाषेचा उपयोग मोठा आहे, नाही कोण म्हणतो. पण २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू, तेंदूपाने, मध हे गौण वनोपज गोळा करायचा आणि विकायचा हक्क तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना दिला. मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. अशा रानात तळाला कुंपण घालायला बांबू हवा असेल, तर तो कोणाला विचारून तोडायचा? पैसे कोण देणार, कुठल्या खात्यातून? डोक्यावर तेंदूपानांचे ओझे घेऊन निघालेल्या बाईला जवानाने अडवले, तर तिने तक्रार कोणाकडे न्यायची? हे प्रश्न संस्कृतीच्या तासाला सुटत नाहीत. ते रसदीच्या वहीत सुटतात, किंवा मग सुटतच नाहीत.

हलवर्णच्या पत्राचा मायना म्हणूनच पुन्हा बघावा. तो साध्या शिपायाच्या नावाने नाही. जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांच्या नावाने आहे. कोठीची किल्ली ज्यांच्या हातात होती, त्यांच्या.