विवाल्डीचा ‘समर’: रीलवर ॲक्शन वाटणारं हे व्हायोलिन खरं तर गारपिटीचं आहे

बाईकचा स्टंट, वादळाचा व्हिडिओ, परीक्षेच्या आदल्या रात्रीचं मीम आणि मागे धडाधड धावणारं एक व्हायोलिन. हा तुकडा तुम्ही नक्की ऐकलाय, फक्त नाव माहीत नसेल. इटालियन संगीतकार अँटोनियो विवाल्डी याच्या ‘समर’ म्हणजे ‘उन्हाळा’ या व्हायोलिन कॉन्सर्टोचा हा शेवटचा भाग. पूर्ण कॉन्सर्टो दहा-अकरा मिनिटांचा आहे. रीलवाल्यांनी त्यातले पंधरा सेकंद उचलले आणि बाकीचं राहून गेलं.

कॉन्सर्टो म्हणजे एक मुख्य वादक आणि त्याच्यासोबत वाद्यवृंद. साधारण तीन भाग असतात: जलद, संथ, पुन्हा जलद. विवाल्डीच्या 12 कॉन्सर्टोंचा संच 1725 मध्ये ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यातले पहिले चार म्हणजे प्रसिद्ध ‘फोर सीझन्स’. प्रत्येक ऋतूसोबत एक कविताही छापली होती. कवितेची कुठली ओळ संगीतात कुठे येते, त्याच्या खुणासुद्धा केल्या होत्या. म्हणजे सुरांचा अर्थ काय, हे बऱ्याच अंशी कागदावरच आहे.

हे कळायच्या आधी माझी मात्र चांगलीच फसगत झाली होती. आमचं गाव हरसूल. जेलवालं नाही, नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं. आमच्याकडे उन्हाळ्यात राब भाजून ठेवायचा आणि आभाळाकडे बघत बसायचं. पाऊस पडला की भाताची, नागलीची रोपं, मग आवणी. त्यामुळे तप्त उन्हाळा आणि शेवटी कोसळणारं वादळ ऐकून मला वाटलं, चला, मृग आला! आनंदच आहे हा.

कवितेत उलटं आहे. उन्हानं माणसं आणि जनावरं गळून गेलीत. कोकीळ ओरडतोय. वादळाच्या भीतीनं मेंढपाळाला रडू येतंय. माश्यांनी आणि विजांनी त्याला डोळा लागू दिला नाही. आणि शेवटी गारा येतात आणि शेतात उभं असलेलं धान्य झोडपून काढतात. म्हणजे हा हरसूलचा जून नाही. ही निफाड-दिंडोरीची गारपीट आहे, काढणीला आलेल्या द्राक्षांवर पडणारी. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी पाहिली, त्यांना हे संगीत समजायला युरोपात जायची गरज नाही.

आता लय, पट्टी आणि भाव. ऐकायला एक रेकॉर्डिंग घेऊ, त्यात मुंबईचा माणूस आहे. झुबिन मेहता, जन्म 1936, मुंबई. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक. झुबिन यांनी 1982 मध्ये तेल अवीवला इस्रायल फिलहार्मोनिक वाद्यवृंदासोबत ‘फोर सीझन्स’ सादर केलं, त्याचं रेकॉर्डिंग आहे. चार ऋतूंना चार वेगळे व्हायोलिनवादक: आयझॅक स्टर्न, पिंकस झुकरमन, श्लोमो मिंट्झ, इत्झाक पर्लमन. ‘उन्हाळा’ झुकरमन यांच्याकडे.

लय कोण ठरवतं?

पहिल्या भागावर विवाल्डीनं लिहिलंय ‘अलेग्रो नॉन मोल्तो’, म्हणजे जलद, पण फार नको. सुरुवातीला सूर तुटक येतात, मध्ये थांबतात, दम लागल्यासारखे. मग कोकीळ येतो आणि लय एकदम पळते, पुन्हा मरगळते. आपल्याकडे विलंबिताकडून द्रुताकडे हळूहळू चढत जातात. इथे तसं होत नाही. दुसऱ्या भागात तर संथ सुरावटीच्या मध्येच सगळी वाद्यं गडगडतात आणि गप्प होतात. तिसरा भाग ‘प्रेस्तो’, अतिजलद.

पण अतिजलद म्हणजे किती? विवाल्डी 1741 मध्ये वारला आणि मेट्रोनोमचं पेटंट 1815 चं. त्यामुळे मिनिटाला अमुक ठोके असा आकडा त्यानं दिलेलाच नाही. तो कलाकार ठरवतात. म्हणून कुणाचा ‘प्रेस्तो’ अडीच मिनिटांत संपतो, कुणाचा तीनला टेकतो. माझं मत विचाराल तर अति वेगात गारा ऐकू येत नाहीत, नुसती वादकाची तयारी ऐकू येते.

पेटीवर ताडून बघा

पट्टी आहे जी मायनर. पेटीवाल्यांच्या भाषेत षड्ज पांढरी पाच. गंधार, धैवत, निषाद कोमल, म्हणजे आसावरी थाटासारखे सूर. मध्येच निषाद शुद्ध होतो तेव्हा कान कीरवाणीकडे जातो. अर्थात हा राग नाही, फक्त स्वरांचं साम्य आहे. व्हायोलिनची सगळ्यात खालची मोकळी तार जी हीच असते, म्हणजे इथला षड्ज. ती घुमते तेव्हा ढगांचा आवाज आयताच मिळतो.

एक गंमत. यूट्यूबवरचं एखादं रेकॉर्डिंग पेटीशी ताडलं आणि षड्ज काळी तीनवर आला, तर कान तपासायला जाऊ नका. जुन्या धाटणीची वाद्यं वापरणारे बरेच वाद्यवृंद आजच्यापेक्षा साधारण अर्धा सूर खाली लावतात. कागदावर जी मायनरच असतं.

राहिला भाव. मायनर म्हणजे दुःख, हे समीकरण फार ढोबळ आहे. पहिल्या भागात याच सुरांतून मरगळ येते, दुसऱ्यात धास्ती, तिसऱ्यात थेट नासधूस. पट्टी तीच राहते, फरक लयीनं आणि आवाजाच्या जोरानं पडतो. रील फक्त शेवटचे सेकंद दाखवतं, म्हणून तिथे तो थरार वाटतो. आधीची सात-आठ मिनिटं तो मेंढपाळ कशाला घाबरत होता, हे ऐकल्यावर तोच तुकडा अंगावर येतो.

आणि वादळ शांत झालं, ऊन पडलं, असंही काही नाही. शेवट जी मायनरमध्येच, धाडकन. पुढचा कॉन्सर्टो ‘ऑटम’ मात्र एफ मेजरमध्ये उघडतो आणि त्यात शेतकरी पीक घरात आलं म्हणून नाचतायत, दारू पितायत. कुठलं पीक वाचलं होतं, ते विवाल्डीलाच ठाऊक.