पहारा कुणाचा? संगणक-सुरक्षेचा छोटा इतिहास

१/ संगणकासोबत मिळणारे संरक्षण पुरेसे, की पैसे मोजून वेगळे घ्यावे? हा प्रश्न तीस वर्षांहून जुना आहे.

२/ १९९३ साली मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉस ६.० मध्येच अँटिव्हायरस दिला. तो मूळचा सेंट्रल पॉइंट या कंपनीचा. इंटरनेट घरोघरी नव्हते. त्यामुळे त्याची विषाणूंची यादी लवकरच जुनी पडे आणि नवा विषाणू निसटून जाई.

३/ ही उणीव विकतच्या अँटिव्हायरसने भरून काढली. पुण्याच्या कैलास व संजय काटकर या बंधूंचे ‘क्विक हील’ त्याच दशकातले.

४/ २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘डिफेंडर’ हा अँटिव्हायरस प्रणालीतच आला. आरंभी स्वतंत्र चाचण्यांत तो मागे पडे. पुढे विकतच्या उत्पादनांच्या बरोबरीला पोहोचला.

५/ मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरातील संगणक ओलीस धरले. त्याने वापरलेली फट बुजवणारे अपडेट मार्चमध्येच आले होते. फटका बसला तो प्रामुख्याने ते न बसवणाऱ्यांना.

६/ तात्पर्य, पहारेकरी फुकटचा की पगारी, हा प्रश्न दुय्यम. अद्ययावत विंडोज असलेल्या घराला अंगभूत पहारा सहसा पुरतो. अपडेट थांबलेल्या प्रणालीला विकतचाही पुरता तारत नाही.